तीन ग्रीन टी, तीन तऱ्हेची पानं. नुसतं बघून चांगला कुठला ते कळतं का?

नाना_चिपळूण · १० जून, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी.

सगळा जन्म दूध-साखर-आलं घातलेला चहा पिण्यात गेला. फेब्रुवारीत रक्तातली साखर वाढलेली निघाली आणि घरात ग्रीन टीचं राज्य आलं. सध्या ओट्यावर त्याची तीन पाकिटं आहेत आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत.

पहिलं पालमपूरचं. एप्रिलमध्ये आम्ही दोघं धरमशाळा-पालमपूर करून आलो, तेव्हा तिथल्या एका चहा कारखान्याच्या दुकानातून पाव किलो घेतला. पानं पिळवटलेली, वेडीवाकडी. रंग काळपट हिरवा, वर थोडी राखाडी झाक. मधूनमधून पिवळट पापुद्रे आणि चार-दोन काड्या.

दुसरा सोनेरी डबा, चिनी लोंगजिंग. मुलानं ऑनलाइन मागवला. शंभर ग्रॅमला अठराशे रुपये! पानं चपटी, इस्त्री केल्यासारखी, सगळी एका मापाची. रंग पोपटी. झाकण उघडलं की बघतच राहावं.

तिसरा जपानी सेंचा. भाचा कामानिमित्त गेला होता, त्यानं आणला. पाकीट फोडलं तर आत निम्मा भुगा. गडद हिरवा, पालक वाळवून चुरल्यासारखा. सौ. म्हणाली, "तुमच्या भाच्याला तळ खरवडून दिलाय."

मी ३४ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीत. खोटी नोट मशीनच्या आधी बोटांना कळायची. त्यामुळे माझं म्हणणं, माल बघून कळलाच पाहिजे. माझा क्रम : डबा पहिला, पालमपूर दुसरा, भुगा शेवटचा. सौ.चं म्हणणं, बघून काय कळतंय डोंबल, पिऊन सांगा. पण पिऊन मला तिन्ही कडूच लागतात, ही खरी अडचण आहे.

इथल्या बाजारातला दुकानदार म्हणाला, पान लांब असेल तर चांगला आणि भुगा असेल तर टाकाऊ. हे खरं का? पोपटी रंग म्हणजे ताजा का? जाणकारांनी सांगावं.

---

चहाटळ · १० जून, रात्री १०.०२

नाना, तिन्ही कडू लागतात म्हणजे तुमची जीभ शाबूत आहे. आमच्याकडे सासूबाई ग्रीन टीत गवती चहा, आलं आणि गूळ घालून खळखळ उकळतात आणि "हा बाई छान लागतो" म्हणतात.

गंभीर उत्तर मात्र घोटभर ताई देतील. ताई, या हो. तुमचं गिऱ्हाईक आलंय.

---

घोटभर · ११ जून, सकाळी ११.०५

आले आले.

नाना, मी कुन्नूरला एका चहा-दलालाकडे टेस्टिंग रूममध्ये सतरा वर्षं काढली. आता नाशकात असते. लांबण लागणार आहे, तेव्हा कप भरून घेऊन बसा.

आधी तुमच्या क्रमाबद्दल. तुम्ही आंबेमोहोर, बासमती आणि पोहे एका ओळीत मांडून "लांब दाणा कुणाचा" असं विचारताय. या तिघांचं दिसणंच वेगळं असायला हवं. का, ते सांगते.

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? खुडलेल्या चहाच्या पानाचं तसंच होतं. काळ्या चहात ते मुद्दाम होऊ देतात. ग्रीन टीत पान आल्याबरोबर त्याला उष्णतेचा दणका देऊन ती क्रिया मारून टाकतात. हा दणका चीनमध्ये बहुतेक ठिकाणी तापलेल्या कढईत किंवा ढोलात देतात, जपानमध्ये वाफेवर. वाफेचं पान गडद हिरवं राहतं, कढईतलं किंचित पिवळसर, मंद होतं. नंतर त्याला वळण कसं दिलं त्यावर आकार ठरतो. लोंगजिंग हातानं, किंवा आता बरंचसं यंत्रानं, कढईच्या अंगाला दाबून परततात, म्हणून चपटं. पालमपूरचं रोलरमध्ये पिळतात, म्हणून वेडंवाकडं. तेव्हा चपटं की पिळलेलं, लांब की आखूड, यावरून कारखान्यात काय केलं ते कळतं. पान मुळात कसं होतं ते कळत नाही. दुकानदाराचा नियम इथेच निकालात निघाला.

मग बघायचं काय? घरात सूप आहे का? नसेल तर मोठी पांढरी थाळी घ्या. पाकिटातला वरचा चमचाभर नको, सगळं पाकीट ओता. हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही चिपळूणचे, आंब्याच्या पेटीचा वरचा थर काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. ओतलं की थाळी हलक्या हातानं गोल गोल फिरवा. मोठं-हलकं वर येतं, मधे मुख्य माल राहतो, बारीक आणि भुगा खाली बसतो. चीनमध्ये परीक्षक असंच करतात आणि तिन्ही थर वेगवेगळे बघतात. चांगल्या मालात मधला थर भरघोस असतो. वर नुसते पापुद्रे आणि खाली नुसती कणी, मधे काहीच नाही, असं दिसलं की समजायचं दोन-तीन प्रकारचा माल एकत्र केलाय.

ते पिवळट पापुद्रे म्हणजे जून पान. कोवळं पान लवचीक असतं, त्याला पीळ बसतो. तिसरं-चौथं पान चिवट झालेलं असतं, त्याला पीळ बसत नाही, ते पापुद्र्यासारखं उघडंच राहतं. पाव किलोत थोडे निघाले तर मी मनावर घेणार नाही. मूठभर निघाले तर खुडणी आळशी झाली.

राखाडी झाकेचं मात्र ऐका, कारण इथे माझाच गोंधळ व्हायचा. काळ्या चहात राखाडीपणा हा दोष. चाळून-चाळून, घासून-घासून पानावरची चकाकी उडाली असा त्याचा अर्थ. पिळलेल्या ग्रीन टीत शेवटी पान गरम ढोलात बराच वेळ फिरवतात, त्यानं अशी झाक येते आणि ती कुणी दोष धरत नाही. एकाच डोळ्यानं दोन्हीकडे बघून चालत नाही.

पोपटी म्हणजे ताजा, हेही खोटंच. लोंगजिंगचा मूळ मुलूख हांगझौचा, पश्चिम सरोवराभोवतालचा. तिथल्या जुन्या झाडांच्या चांगल्या पानाला चिनी लोक जो रंग सांगतात त्याचं नाव आहे हातसडीच्या तांदळाचा रंग. म्हणजे हिरव्यात पिवळं, आणि एकाच मुठीत थोडं कमी-जास्त. एकसारखा पोपटी दिसला तर जात वेगळी असेल, भाजणी कमी असेल, किंवा नुसतं नावच लोंगजिंग असेल. नुसत्या वर्णनावरून मी खोटा म्हणणार नाही. पण पोपटी आहे म्हणून अठराशे रुपये मीही दिले नसते.

लोंगजिंगमध्ये सुक्या पानात बघण्यासारखी एक गोष्ट आहे, कळी आणि पान यांची लांबी. त्यांच्याकडे साधारण ५ एप्रिलला छिंगमिंगचा सण असतो. त्याच्या आधी खुडलेला माल सगळ्यात महाग. तो बारीक असतो आणि कळी पानापेक्षा लांब किंवा पानाएवढी असते. पुढे २० एप्रिलच्या आसपास त्यांच्या पंचांगातलं कू-यू नावाचं पर्व येतं, तोवर पान कळीला मागे टाकतं. "पहिली खुडणी" असं डब्यावर लिहिलंय आणि आत पानंच पानं, कळी शोधावी लागते, असं असेल तर डबा खोटं बोलतोय.

लव दिसली की लोक खूश होतात. कोवळ्या कळीवर पांढरी लव असते हे खरं. सूचौकडच्या बिलोचुन नावाच्या चहात ती भरपूर दिसायलाच हवी. पण लोंगजिंगमध्ये दाबून परतताना ती घासून जाते. तिथे लव नाही म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

आता खरी गोष्ट. सुकं पान खोटं बोलू शकतं, चोथा फारसा बोलत नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर दोन ग्रीन टी आले. एक देखणा, कळ्यांनी भरलेला, घट्ट पिळाचा. दुसरा गबाळा, त्यात पापुद्रे. मी वहीत पहिल्याला भरघोस भाव लिहिला, दुसऱ्याला जवळजवळ निम्मा. आमचे साहेब काही बोलले नाहीत. दोन्हींवर उकळतं पाणी ओतलं, वेळ झाल्यावर चोथा झाकणावर उलटा करून माझ्यापुढे सरकवला. देखण्याच्या पानांच्या कडा तांबूस आणि देठ लाल. म्हणजे खुडलेलं पान पोत्यात कोंबून तासन्‌तास पडलं होतं, चेंबलं होतं, दणका मिळायच्या आधीच त्याचं वांगं झालं होतं. नंतर उत्तम पीळ देऊन ते झाकलं गेलं. गबाळ्याचा चोथा मात्र एकसारखा, उजळ, जिवंत हिरवा. साहेब एवढंच म्हणाले, "आता चोथ्याचा भाव लिही."

तुम्ही घरी हेच करा. तीन ग्रॅम चहा, दीडशे मिली पाणी, चार मिनिटं, वर झाकण. पाणी खळखळतं. हो, मला ठाऊक आहे, प्यायचा असेल तेव्हा ग्रीन टीला ऐंशी अंशाच्या आसपासचं पाणी बरं. पण आपण इथे पाहुणचार करत नाही, उलटतपासणी घेतोय. उकळत्या पाण्यात दोष लपत नाहीत. तिन्हींना सारखंच वजन, सारखंच पाणी, सारखाच वेळ. चमच्यानं मापू नका. चपटं पान चमच्यात मावत नाही आणि भुगा डोंगराएवढा बसतो.

मग गाळा, चोथा पांढऱ्या ताटलीत काढा, वरून थोडं गार पाणी घाला आणि बोटानं एकेक पान उलगडा. खिडकीशी बसून बघा, ट्यूबखाली नको. आमच्या टेस्टिंग रूमला उत्तरेची खिडकी होती, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. जूनमधलं तुमचं ढगाळ आभाळ या कामाला झकास.

कळीला लागून एक किंवा दोन पानं अशी अख्खी जुडी सापडते का? पान बोटाखाली मऊ, रेशमासारखं लागतं की रेक्झिनसारखं? देठ हिरवा की लाल? कडेला करपल्याचे काळे ठिपके आहेत का? आणि बांझी किती? म्हणजे ज्या फांदीचं टोक झोपलंय, पुढे कळीच धरत नाही, तिची पानं. ती लवकर कडक होतात. हा मळ्यावरचा शब्द, आम्ही तसाच वापरायचो.

वास आणि जुनेपणा डोळ्यांना पुरता कळत नाही, एवढं कबूल करते. सौ.ना सांगा, तेवढ्यापुरत्या त्या बरोबर आहेत. सेंच्याबद्दल मी बोलत नाही, आपले शिझुओकाकर आहेत इथे.

---

शिझुओकाकर · ११ जून, संध्याकाळी ६.४०

ताईंनी नाव घेतलं म्हणून लिहितो. मी चहातला माणूस नाही, मोटारींच्या सुट्या भागांतला आहे. पण नऊ वर्षं शिझुओका प्रांतात राहतोय आणि ऑफिसच्या वाटेवर दोन्ही बाजूंना चहाच, त्यामुळे थोडं कानावर पडतं.

नाना, तुमच्या भाच्याला कुणी तळ खरवडून दिलेला नाही. पाकिटावर बहुधा 'फुकामुशी' असं असणार. भाच्याला फोटो पाठवून विचारा. फुकामुशी म्हणजे जास्त वाफवलेला. साध्या सेंचाला अर्धा-पाऊण मिनिट वाफ देतात, याला त्याच्या दुप्पट-तिप्पट. इतकं वाफवल्यावर पान मऊ पडतं आणि पुढे वळताना तुटतं. आमच्याजवळच्या माकिनोहाराच्या पठारावर ऊन भरपूर, पान जाड. जाड पानाचा तुरटपणा कमी व्हावा म्हणून ही पद्धत तिथे रुजली. भुगा हा त्या पद्धतीचाच भाग आहे. कपात पाणी गढूळ हिरवं दिसेल, तेही तसंच असायला हवं. गाळणं मात्र बारीक जाळीचं घ्या.

साधा, कमी वाफेचा सेंचा वेगळा दिसतो. पान सुईसारखं, गडद, चकचकीत. तिथे भुगा निघाला तर दुकानदाराला बोललं पाहिजे. सेंचा करायची ही रीत १७३८ मध्ये उजीजवळच्या नागातानी सोएन नावाच्या शेतकऱ्यानं बसवली, असं इथे शिकवतात. वाफवायचं आणि वळत वळत वाळवायचं, हा त्याचा गाभा आजही तोच आहे, फक्त हाताच्या जागी यंत्रं आलीत.

ताईंच्या दोन गोष्टी जपानी चहाला लावू नका. एक, अख्खी जुडी. इथे बहुतेक मळ्यांत यंत्राच्या पात्यानं कापणी होते, माणूस रांगेवरून यंत्र फिरवतो. त्यामुळे चोथ्यात कापलेले तुकडेच सापडणार, चांगल्या चहातसुद्धा. दुसरी, काड्या. इथे नुसत्या काड्यांचा चहा वेगळा विकतात, कुकिचा. आणि ग्योकुरो म्हणजे तीन आठवडे सावलीत वाढवलेला भारी चहा, त्याच्या काड्या तर लोक मागून घेतात. शिवाय कपात एखादी काडी उभी तरंगली की शुभ शकुन मानतात. माझी घरमालकीण, वय वर्षं ८१, काडी उभी दिसली की कुणालाही न सांगता हसत हसत पिऊन टाकते. सांगितलं की नशीब दुसऱ्याला जातं म्हणे.

आणखी एक गंमत. ताई पांढऱ्या थाळीवर बघायला सांगतात, इथले व्यापारी सुकं पान काळ्या ट्रेवर ओतून बघतात. गडद हिरव्याची चकाकी काळ्यावर उठून दिसते आणि पिवळं, जून पान तर लगेच चोरासारखं पकडलं जातं. मी घरी करून पाहिलं, खरंच फरक पडतो. तुमच्या पालमपूरलाही काळ्या तव्यावर ओतून बघा. तवा गार असू दे.

ता. क. : शिझुओकाचा अभिमान बाळगून लिहिलं खरं, पण २०२४ मध्ये चहाच्या उत्पादनात कागोशिमा प्रांतानं आम्हाला मागे टाकलं. घरमालकीण अजून मान्य करत नाही.

---

चहाटळ · ११ जून, रात्री ११.२०

मला वेगळीच शंका. पोपटी रंग घातलेला असला तर?

ही कल्पना माझी नाही, जुनीच आहे. रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश झाडपाला-तज्ज्ञ. ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला १८४८ मध्ये चहाची रोपं आणि कारागीर पळवून आणायला चीनला धाडलं. पठ्ठ्या चिनी वेष करून, शेंडी लावून हिंडला. तिथे एका ग्रीन टीच्या कारखान्यात बघतो तर कामगारांची बोटं निळी! परदेशी जाणाऱ्या मालावर ते प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम चोळत होते. साहेब लोकांना हिरवागार चहा आवडतो ना, मग घ्या. स्वतः ते असला चहा पीत नव्हते. फॉर्च्यूननं हिशेब केला की शंभर पौंड रंगीत चहामागे पिणाऱ्याच्या पोटात अर्ध्या पौंडाहून जास्त रंग जातो, आणि रंगाचे नमुने १८५१ च्या लंडनच्या जंगी प्रदर्शनासाठी पाठवून दिले.

म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक नाना होतं.

---

घोटभर · १२ जून, सकाळी ८.३०

चहाटळराव, शेवटचं वाक्य आगाऊ आहे, पण गोष्ट खरी आहे. आणि तिचा दुसरा धागा थेट नानांच्या पहिल्या पाकिटात येतो. चिनी जातीच्या रोपांवर हिमालयाच्या पायथ्याशी सरकारी मळे उभे राहत होते, आणि त्याच सुमारास, १८४९ मध्ये, सरकारी बागांचे प्रमुख डॉ. जेमसन यांनी अल्मोडा आणि डेहराडूनच्या वाफ्यांतली चिनी रोपं कांगड्यात, म्हणजे पालमपूरच्याच मुलखात, लावली. कांगड्याचं पान अजूनही त्याच जातीचं, बारीक. आसामच्या जातीचं पान तळहाताएवढं होतं आणि ग्रीन टी केला तर जास्त तुरट लागतो. कांगड्याचा ग्रीन टी एके काळी अमृतसरमार्गे काबूलपर्यंत जायचा. मग ४ एप्रिल १९०५ चा भूकंप झाला, कारखाने पडले, गोरे मळेवाले विकून निघून गेले आणि सगळं बसलं. २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नानांनी घेतलेला एप्रिलचा म्हणजे पहिल्या बहराचा असणार, पावसाळ्यातल्यापेक्षा खूप बरा.

रंगाची शंका असेल तर गार पाण्यात चिमूटभर टाका. खऱ्या पानाचा रंग गार पाण्यात सावकाश सुटतो. टाकल्याबरोबर हिरव्या रेघा सुटल्या तर डबा बंद करा. पण मला रंगापेक्षा दुसरीच शंका आहे. नाना, डबा *पूर्ण* ओतलात का?

---

नाना_चिपळूण · १४ जून, दुपारी ४.१०

ओतला. मंडळी, लाज वाटतेय, पण सांगतो.

सुनेचा केक करायचा वजनकाटा घेतला. सूप माळ्यावर होतं, सौ.नं काढून दिलं. आता तीही यात उतरली आहे. काल सकाळी पाऊस थांबलेला, पडवीत बसलो.

आधी सोनेरी डबा. वरची दोन बोटं माल तसाच, पोपटी, चपटा, सुरेख. त्याखाली वेगळंच प्रकरण. रुंद पानं, रंग तपकिरीकडे झुकलेला, चिवट. मला वाटलं, प्रवासात हलून तसं झालं असेल. सौ. म्हणाली, "हलून बारीक खाली जातं हो, जाडं कसं जाईल? मी रोज पोह्यांचा डबा हलवते." मी गप्प.

गार पाण्याची परीक्षा घेतली, रेघा वगैरे काही नाही. म्हणजे चहाटळराव, रंग नाही. पण मग चोथा. डब्याच्या खालच्या मालाची वीस पानं मोजून उलगडली. कळी लागलेली चार. बाकी सुटी, जाड, बोटाखाली चामड्यासारखी. सहा देठ लाल.

पालमपूर : पिळवटलेलं ते वेडंवाकडं पान पाण्यात असं उलगडलं की सौ. म्हणाली, "अगो बाई, तुळशीएवढं!" कळी आणि दोन पानं अशा जुड्या मी अकरा मोजल्या. पापुद्रे होते, ते चोथ्यातही पिवळेच दिसले. बांझी म्हणजे नेमकी कुठली ते मला कळलं नाही, दोन-तीनांवर संशय आहे. देठ सगळे हिरवे. गार तव्यावरही ओतून पाहिलं. राखाडी झाक तिथे चांदीसारखी दिसते, हे शिझुओकाकरांना सांगतो.

जपानी : चोथ्यात बघण्यासारखं काही नाही. शिजलेल्या पालकासारखा लगदा. भाच्यानं फोटो बघून कळवलं, फुकामुशीच आहे. कपात गढूळ हिरवं पाणी. उकळत्या पाण्यातला मला झेपला नाही. मग संध्याकाळी सौ.नं स्वतः कोमट पाण्यात केला आणि म्हणाली, "याला मुगाच्या कढणासारखी चव आहे." तेव्हापासून ते पाकीट तिच्या ताब्यात आहे. तळ खरवडलेलं पाकीट!

तेव्हा माझा क्रम उलटा झाला. नोटा ओळखणारा माणूस बंडलाची वरची नोट बघून फसला. बँकेत हेच मी नव्या पोरांना शिकवायचो, बंडल फोडा म्हणून.

दोन प्रश्न उरले. विक्रेत्याशी भांडू का? आणि पालमपूरचा आता पावसात टिकवायचा कसा? आमच्याकडे या दिवसांत पापडसुद्धा वाकतो.

---

घोटभर · १४ जून, रात्री ९.००

सौ.ना माझा नमस्कार. पोह्यांच्या डब्याचं ते वाक्य टेस्टिंग रूमच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. अगदी बरोबर, भुगा आपोआप तळाला जातो, पण मोठी जाड पानं खाली आणि कळ्या वर, असं कुठलाही ट्रक करत नाही. ते हातानं भरलेलं असतं.

भांडू नका, फोटो पाठवा. एकात वरचा आणि खालचा थर शेजारी-शेजारी, दुसऱ्यात चोथा. पैसे मागा. हरकत घेतली तर तेच फोटो त्यांच्या विक्रीच्या पानावर अभिप्रायात टाका.

पालमपूरचा : सुकं पान दोन बोटांत चुरडून बघा. कुरकुरीत भुकटी झाली तर ठीक. वाकलं तर ओल शिरली. तसं असेल तर जाड बुडाच्या कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर दोन मिनिटं हलवा, हाताला जेमतेम गरम लागेल इतकंच. पूर्ण गार झाल्यावर छोट्या छोट्या पुड्या करून हवाबंद बरण्यांत भरा. एक वापरात, बाकीच्या उघडायच्याच नाहीत. अंधारात, आणि मसाल्याच्या फळीपासून लांब. चहा वास ओढून घेतो.

---

नाना_चिपळूण · १५ जून, सकाळी ७.५०

चुरडला. वाकला नाही, मोडला. पण भुकटी झाली नाही, म्हणजे अधलंमधलं. आज कढई.

सोनेरी डब्याचे पैसे परत येतील असा निरोप आला, माल परत नको म्हणाले. खालचा माल तुळशीच्या बुडाशी गेला, वरची दोन बोटं मी पिऊन संपवणार. डबा तेवढा खरोखर सुंदर आहे, म्हणून त्यात पालमपूरचा भरावा म्हणत होतो. उघडून बघतो तर सौ.नं रात्रीच त्यात हिंग भरून ठेवलाय.